बार कीपर्स फ्रेंड: जळक्या भांड्यांसाठी घ्यावी का?

आमच्याकडे स्वयंपाक बायकोचा आणि भांडी माझी. त्यामुळे या पावडरीबद्दल बोलायचा हक्क माझाच. इथे न्यू जर्सीत वॉलमार्टात, होम डेपोत कुठेही मिळते. 12 औंसाचा डबा तीन डॉलरच्या आसपास.

दिवाळीचं तळण उरकलं की स्टीलच्या कढईला बाहेरून पिवळट-तपकिरी ओघळ चिकटलेले असतात. ते डिशवॉशरला अजिबात दाद देत नाहीत, कारण तेल तापून तापून त्याचं अक्षरशः वॉर्निश झालेलं असतं. कढई ओली करायची, पावडर भुरभुरायची, ओल्या स्पंजानं घासायचं. मिनिटभराच्या आत धुऊन टाका असं डब्यावरच लिहिलंय, ते ऐकायचं. फेस हळूहळू राखाडी होतो आणि खालून स्टील डोकवायला लागतं. कानांच्या रिबिटांभोवती स्पंज पोचत नाही. तिथे जुना टूथब्रश. आणि स्टीलवर ज्या दिशेनं रेघा असतात त्याच दिशेनं घासा. आरशासारखं चकचकीत भांडं असेल तर आधी बुडाला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, करून बघा. पावडरीत बारीक खनिज पूड असते, ती अशा भांड्याची चकाकी घालवू शकते.

खरी कमाल मात्र रिकाम्या तापलेल्या पातेल्याला जे निळे-जांभळे पट्टे पडतात, त्यांच्यावर. साबणानं कितीही घासा, ढिम्म हलत नाहीत. हिनं हात फिरवला की गेले. ही करामत ऑक्झॅलिक आम्लाची. 1882 साली इंडियानापोलिसच्या जॉर्ज विल्यम हॉफमन नावाच्या रसायनज्ञानं ही पावडर काढली. ऱ्हुबार्ब नावाची आंबट देठांची भाजी शिजवल्यावर कळकट भांडं उजळलेलं त्याला दिसलं, अशी गोष्ट सांगतात. ऱ्हुबार्बमध्ये हेच आम्ल असतं. आपल्या आज्या चिंचेनं पितळ घासायच्या, त्यातलाच प्रकार.

आता कोजागिरीचं दूध. बुडाला लागून काळं ठिक्कर झालेलं पातेलं घेऊन थेट ही पावडर चोळत बसाल तर हात दुखतील आणि अर्धा डबा संपेल. जाड करपलेल्या थरापुढे आम्लाचं फारसं चालत नाही. आधी पातेल्यात पाणी आणि दोन-तीन चमचे खायचा सोडा घालून दहा-पंधरा मिनिटं उकळा, गार होऊ द्या, लाकडी उलथन्यानं खरवडा. पापुद्रे सुटून येतात. मग तळाशी जी तपकिरी सावली उरते, ती या पावडरीची. सोड्याचा हा उपाय ॲल्युमिनियमच्या कुकरला मात्र करू नका, तो आणखी काळा पडतो. त्याला लिंबाची साल घालून पाणी उकळलेलं बरं.

बिडाच्या तव्याला ही पावडर लावलीत तर इतक्या दिवसांची तेलाची बैठक उतरेल, पुढची धिरडी चिकटतील. नॉनस्टिक, काळी हार्ड ॲनोडाइज्ड भांडी आणि कल्हईची पितळी पातेली, यांनाही लांबूनच नमस्कार. क्लोरीनचा ब्लीच असलेल्या क्लीनरबरोबर तर कधीच मिसळू नका, विषारी वायू निघतो.

हातमोजे घाला, विशेषतः थंडीत बोटांना चिरा पडलेल्या असतील तर. नंतर भांडं भरपूर पाण्यानं खळखळून धुवा, वर एकदा साबणाचा हात फिरवा. पोटात जाण्याची ही वस्तू नव्हे.

स्टीलची भांडी वापरणाऱ्यानं डोळे मिटून घ्यावी. पाचात साडेचार. अर्धा कापला तो वासासाठी. बायकोला चालतो, मला नाही.

डबा मात्र सिंकखाली नको, पोरांच्या हाताला लागतो. आमचा वरच्या फळीवर असतो, खायच्या सोड्यापासून चांगला लांब. दोन्ही पांढऱ्या पावडरी, आणि सकाळी ढोकळ्याच्या घाईत चष्मा कुणी शोधत बसत नाही.