८० मिलिमीटरचा स्पॉटिंग स्कोप : पाणथळ पक्ष्यांमागे तीन हंगाम घालवल्यानंतर

गेले तीन हंगाम मी ८० मिलिमीटर व्यासाच्या भिंगाचा, २० ते ६० पट मोठे दाखवणारा आणि कलत्या आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा) स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर लावून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण, केवळ पाणथळ जागांवर वापरत आहे. जंगलात किंवा माळरानावर तो कसा चालतो ते मी पाहिलेले नाही, त्यामुळे त्याविषयी येथे काही लिहिलेले नाही. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच मापाचे स्कोप अनेक कंपन्या बनवतात आणि मला जे सांगायचे आहे त्यातील बहुतेक भाग त्या सर्वांना लागू पडतो. जे दोष केवळ माझ्या स्कोपचे आहेत, ते शेवटी वेगळे सांगितले आहेत.

ज्याच्याकडे चांगली दुर्बीण आहे त्याला स्कोपची गरज का पडावी, हा प्रश्न रास्त आहे. झाडावरच्या पक्ष्यासाठी ती सहसा पडत नाही. चिखलाचे सपाट पट्टे, मिठागरे, उथळ तळी आणि खाड्या यांची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे आडोसा नसतो. माणूस पक्ष्याला जेवढ्या अंतरावरून दिसतो, त्याच्या कितीतरी आतल्या अंतरावर पक्षी माणसाला ओळखू येण्याजोगा होतो. दुर्बीण घेऊन आलेला माणूस साहजिकच पुढे सरकत राहतो आणि शेवटी थवा उडतो. भरतीच्या वेळी चिखल पाण्याखाली गेल्यावर चिखलपक्षी एखाद्या बांधावर किंवा वाळूच्या पट्ट्यावर दाटीने विसावतात. त्या तासांत त्यांना दोन-तीनदा उठवले, तर ओहोटीच्या वेळी मिळवलेली चरबी ते उडण्यातच खर्चून बसतात. लांबच्या स्थलांतराची तयारी करणाऱ्या पक्ष्याला हा खर्च परवडणारा नसतो. पाणथळीवरील संकटांच्या यादीत भराव, सांडपाणी आणि जलपर्णी ही नावे सर्वांना पाठ असतात, पण त्या यादीत आपण हौशी पक्षीनिरीक्षकही आहोत हे मला स्कोप घेतल्यानंतरच नीट उमगले. माझ्या लेखी या उपकरणाचा पहिला गुण हा की ते माणसाला जागच्या जागी बसवते.

आता वर्धनाविषयी, म्हणजे स्कोप किती पट मोठे दाखवतो त्याविषयी. खोक्यावर ठळक छापलेला ६० हा आकडा पाहून कोणीही हा स्कोप घेऊ नये. २० पटीला आयपीसमधून बाहेर येणारा प्रकाशाचा झोत ४ मिलिमीटर रुंद असतो, तर ६० पटीला तो सव्वा मिलिमीटरच्या आसपास उरतो. याचा अर्थ पहाटेच्या अंधुक उजेडात, म्हणजे पक्षी सर्वाधिक हालचाल करत असतात नेमक्या त्या वेळी, चित्र जवळपास नऊ पटींनी काळवंडते. ऊन चढल्यावर उजेड भरपूर मिळतो, पण मग तापलेल्या चिखलावरची हवा थरथरू लागते आणि स्कोप पक्ष्याबरोबर ती थरथरही तितक्याच पटींनी मोठी करून दाखवतो. सकाळी दहानंतर ६० पटीला मला चिखल्या पक्ष्याऐवजी उकळत्या पाण्यातले एखादे ढेकूळच दिसते. हा दोष भिंगांचा नाही, आणि कितीही महागडा स्कोप घेतला तरी तो जाणार नाही. तीन हंगामांतील माझे नव्वद टक्के काम २५ ते ४० पटींच्या दरम्यानच झाले आहे. ज्यांना आयपीस निवडण्याची मुभा असेल, त्यांनी अधिक वर्धनाऐवजी अधिक रुंद दृश्यपट्टा देणारा आयपीस घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

भिंगांची गुणवत्ता पारखायला पाणथळीइतकी कठोर जागा नाही. काळ्या चिखलावर उभा असलेला पांढरा बगळा हीच त्याची कसोटी. साध्या काचेच्या स्कोपमध्ये बगळ्याच्या पाठीच्या कडेला जांभळट-हिरवट किनार उमटते. माझ्या स्कोपमध्ये ती ३५ पटींपर्यंत जाणवत नाही आणि पुढे दृश्याच्या कडेला थोडी दिसते. बगळ्याच्या बाबतीत ही किनार चालून जाते, टिलव्याच्या बाबतीत मात्र चालत नाही. छोटा टिलवा आणि टेमिंकचा टिलवा हे दोन्ही पक्षी चिमणीएवढे, दोन्ही करड्या-तपकिरी रंगाचे आणि दोन्ही सतत धावपळ करणारे असतात. छोट्या टिलव्याचे पाय काळे असतात, तर टेमिंकच्या टिलव्याचे पिवळट-हिरवे. पायाला ओला चिखल माखलेला असला की तेही कळत नाही. मग पक्षी पाण्यात शिरून पाय धुऊन निघेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि त्या एका क्षणी काचेने रंगात भेसळ केली, तर पाऊण तासाची बैठक वाया जाते.

पायांचा विषय निघालाच आहे तर थोडे अधिक सांगतो, कारण स्कोपने मला शिकवलेली सर्वांत मोलाची गोष्ट पायांचीच आहे. पक्ष्यांचे पाय पाण्याची खोली मोजण्याच्या पट्ट्या आहेत. टिलव्याला दोन बोटांहून अधिक खोल पाण्यात चरता येत नाही, तुतवारांना थोडे अधिक खोल पाणी चालते, शेकाट्याचे पाय वीतभर लांब असतात, आणि थापट्या किंवा तलवार बदकाला तरंगता येईल इतके पाणी लागते. एकाच जागी बसून, कोण कुठवर बुडाले आहे हे पाहिले, की तळ्याच्या तळाचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो. मागच्या हंगामात मी नेहमी बसतो त्या तळ्यात कोणीतरी सांडवा अडवला आणि पाणी जेमतेम एक वीत चढले. काठावरून तळे भरलेले आणि अधिकच देखणे दिसत होते, जाणारे-येणारे खूश होते. स्कोपमध्ये मात्र शेकाटे पोटापर्यंत पाण्यात होते, टिलवे एकही नव्हते आणि चिखल्यांनी काठावरच्या दगडांवर गर्दी केली होती. पाणथळ नष्ट होण्यासाठी ती कोरडी पडावी लागत नाही, पाणी चुकीच्या वेळी वाढले तरी पुरते. ही बाब मी पूर्वी वाचली होती, पण पोटापर्यंत भिजलेला शेकाट्या पाहिल्यावर ती पटली.

स्कोपचे दुसरे मोठे काम म्हणजे पायातील खुणा वाचणे. पूर्व आशिया आणि ऑस्ट्रेलिया यांना जोडणाऱ्या स्थलांतर मार्गावर पकडून सोडलेल्या चिखलपक्ष्यांच्या पायात रंगीत फ्लॅग, म्हणजे छोटी पट्टी, घालतात आणि रंगावरून तो कुठे घातला गेला ते कळते. वायव्य ऑस्ट्रेलियात पिवळा, व्हिक्टोरिया राज्यात नारिंगी अशी वाटणी आहे, आणि फ्लॅगवर अक्षरे-आकडे कोरलेले असले, तर तो एक पक्षी वर्षानुवर्षे ओळखता येतो. अक्षरे वाचण्यासाठी मला ४५ ते ५० पटी, सूर्य पाठीशी आणि अंतर दोनशे मीटरच्या आत लागते. ६० पटीचा उपयोग झाला तो अशाच दोन-तीन थंड सकाळी. आयपीसवर मोबाइल बसवण्याची पट्टी मिळते, ती अवश्य घ्यावी. थरथरणाऱ्या हवेत डोळ्याला न वाचता आलेला आकडा चित्रफितीतील एखाद्या स्थिर चौकटीत अनेकदा सापडतो.

अशा खुणा आणि शरीरावर बसवलेली उपग्रह-यंत्रे यांच्यामुळेच या पक्ष्यांच्या झेपेचा आवाका आपल्याला समजला. २०२२ मध्ये पट्टेरी शेपटीचा एक गॉडविट (लांब चोचीचा चिखलपक्षी), वय जेमतेम पाच महिने, अलास्काहून निघून कुठेही न उतरता सुमारे १३,५६० किलोमीटर उडून ११ दिवसांत टास्मानियाला पोहोचला. परतीच्या वाटेवर मात्र या पक्ष्यांना थांबावेच लागते, आणि चीन आणि कोरिया यांच्यामधील पीत समुद्राच्या काठचे चिखलपट्टे हे त्यांचे मोठे थांबे आहेत. त्याच समुद्राकाठी दक्षिण कोरियातील सेमानगुम येथे सुमारे ३३ किलोमीटर लांबीची समुद्रभिंत २००६ मध्ये पूर्ण जोडली गेली आणि आतल्या चिखलावरची भरती-ओहोटी तुटली. तेथे हजारोंनी उतरणारे मोठे नॉट पक्षी चिखलातील शिंपल्यांवर जगणारे. ते शेजारच्या खाड्यांमध्ये जातील असे म्हणणारे होते. शेजारच्या खाड्यांमधील गणनेत तितकी वाढ आढळली नाही, आणि हे पक्षी वर्षाचा मोठा काळ जेथे काढतात त्या ऑस्ट्रेलियातही त्यांची संख्या घटली. ‘एक जागा गेली तर पक्षी दुसरीकडे जातात’ हे वाक्य भरावाच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर येते, आणि ते खोडण्यासाठी वाटेच्या दोन्ही टोकांना कोणीतरी स्कोप लावून मोजत बसलेले असावे लागते.

मोजणीसाठी हा स्कोप कसा आहे, ते आता सांगतो. २० पटीला एक किलोमीटरवर सुमारे ४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, ६० पटीला त्याच्या निम्मा. मोजताना स्कोप डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवायचा, आधी दहा पक्षी एकेक करून मोजायचे, त्या दहांचा ‘आकार’ डोळ्यांत बसवायचा आणि पुढे तोच आकार थव्यावर ठेवत जायचे. दुसऱ्या हातात बटणाचा गणक असावा. ही हमाली वाटते खरी, पण १९६७ पासून चाललेली आंतरराष्ट्रीय पाणपक्षी गणना आणि तिचाच भाग म्हणून १९८७ मध्ये सुरू झालेली आशियाई गणना अशाच स्वयंसेवकांच्या आकड्यांवर उभी आहे. २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधील रामसर येथे पाणथळींच्या जतनासाठी झालेल्या कराराच्या निकषांमध्ये दोन थेट मोजणीचे आहेत : ज्या पाणथळीवर नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी असतात, अथवा एखाद्या जातीच्या किंवा उपजातीच्या एकूण संख्येपैकी एक टक्का पक्षी नियमित येतात, ती आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानता येते. त्या एक टक्क्याच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या तळ्यावर मोजणाऱ्याने टिलव्यांच्या दोन जाती एकत्र लिहिल्या, तर त्याची किंमत त्या तळ्याला मोजावी लागू शकते.

स्कोपला काय दिसत नाही, हेही परीक्षणात यायला हवे. शिकारीच्या शिशाच्या गोळ्या चिखलात पडून राहतात, बदके त्या खडे समजून गिळतात आणि हळूहळू विषबाधेने मरतात. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशावर १९९१ मध्ये बंदी आली आणि युरोपीय संघात पाणथळींवर २०२३ मध्ये. चिखलाच्या आतले ते शिसे कोणत्याही भिंगातून दिसत नाही. बोट्युलिझमची, म्हणजे जिवाणूंच्या विषाने पक्षी लुळा पडण्याच्या रोगाची, लक्षणे मात्र दिसतात : पंख खाली लोंबलेले, मान उचलता येत नाही, पक्षी काठाशी बसल्या बसल्या एका बाजूला कलतो. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानातील सांभर सरोवरावर याच रोगाने १८,००० हून अधिक पक्षी मेले. मेलेला पक्षी वेळेवर उचलला नाही, तर त्यात वाढणाऱ्या अळ्या खाऊन पुढचे पक्षी मरतात. म्हणून कलती मान दुरून ओळखता येणे आणि ते लगेच कळवणे याला फार महत्त्व आहे.

आता माझ्या स्कोपच्या तक्रारी. आयपीसभोवतीची रबरी कड दुसऱ्याच हंगामात सैल झाली आणि वाऱ्यात आपोआप खाली बसू लागली. फोकसच्या कड्यात खाऱ्या पाण्याचे तुषार आणि बारीक वाळू गेल्याने ते करकरू लागले. स्कोप जलरोधक असल्याची हमी होती आणि आत खरोखरच ओल गेली नाही, पण ‘जलरोधक’ म्हणजे मिठाला दाद न देणारा नव्हे, हे माहितीपत्रकात कोठे लिहिलेले नव्हते. दुरुस्तीसाठी पाठवलेला स्कोप अडीच महिन्यांनी परत आला, तोवर उत्तरेकडे परतणारे थवे निघून गेले होते. तेव्हापासून खाडीवरून आल्यावर मी तो गोड्या पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याने पुसतो, आणि फोकसचे कडे त्यानंतर बिघडलेले नाही.

कलता आयपीस की सरळ, हा वाद जुना आहे. पाणथळीच्या उघड्या काठावर मी कलत्याच्या बाजूने आहे, कारण त्यामुळे तिपाई खाली ठेवता येते, वाऱ्याने हलणे कमी होते आणि उंच-बुटक्या माणसांना तिपाईचे पाय वर-खाली न करता आळीपाळीने पाहता येते. गाडीच्या खिडकीतून किंवा निरीक्षण-खोपीच्या फटीतून पाहणाऱ्यांना सरळ आयपीस बरा पडेल. स्कोपसाठी ठेवलेल्या पैशातला मोठा हिस्सा तिपाईला द्यावा. हलक्या तिपाईवरचा उत्तम स्कोप वाऱ्यात निकामी होतो, आणि आडोसा नसलेल्या चिखलपट्ट्यावर वारा थांबलेला मी क्वचितच पाहिला आहे. तिपाईच्या पायांचे जोड पिळाचे नसून खटक्याचे असावेत, कारण पिळात गेलेला चिखल वाळल्यावर पाय आत सरकत नाहीत आणि तिपाई तशीच पसरलेली खांद्यावर घेऊन बांधावरून परतावे लागते.