तांब्याच्या लूपच्या नावाखाली ॲल्युमिनियम : माझे ११,३५० रुपये गेले, तुमचे जाऊ देऊ नका

आकडा आधीच लिहून टाकतो, कारण तीन महिने मी तो घरातसुद्धा कमी करून सांगत होतो. बायकोला साडेसात हजार सांगितले होते. हौशी रेडिओच्या अँटेनाचं वापरलेलं सामान घेण्यापायी खरे गेले ११,३५० : ४,००० टोकन, ६,००० माल पाठवण्याआधी आणि १,३५० पॅकिंग आणि कुरिअरचा विमा म्हणून. तिन्ही वेळा यूपीआयनं, माझ्याच हातानं.

मी बेळगावात शहापूरला दुसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहतो. हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचं, लायसन्स हातात आहे, पण गच्चीवर वायर ताणायला घरमालक तयार नाही, आणि ४० मीटर बँडची (७ मेगाहर्ट्झची) साधी वायरची अँटेना, डायपोल, म्हणजे जवळपास २० मीटर वायर. बाल्कनीत बसेल असा एकच मार्ग : मॅग्नेटिक लूप, म्हणजे कड्यासारखी छोटी अँटेना. तांब्याच्या नळीचं एक मीटर व्यासाचं कडं, आत त्याच्या पाचव्या हिश्श्याचा, रेडिओला जोडायचा कपलिंग लूप आणि वर कपॅसिटर. नळी, पीव्हीसी पाइप, कोॲक्स केबल गावात मिळतं. घोडं अडतं कपॅसिटरपाशी. ५० वॅट सोडले तरी त्यावर काही हजार व्होल्ट चढतात, तिथं जुन्या रेडिओतला गँग (स्टेशन लावायचा पात्यांचा कपॅसिटर) टिकत नाही. एवढे व्होल्ट पेलणारा नवा व्हॅक्यूम कपॅसिटर घेण्याची माझी ऐपत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण 'स्वस्ताच्या मागे लागलास' हे मी आता पुष्कळ ऐकलं. मी फुकटात मागत नव्हतो. जुन्या, वापरलेल्या मालाला साडेअकरा हजार द्यायला तयार होतो.

असा कपॅसिटर आणि नळी विकायला काढणारा तो माणूस आमच्यासारखाच बोलायचा. 'ओएम' (मित्रा), '७३' (शुभेच्छा), रिग (रेडिओ संच), शॅक (रेडिओची खोली) सगळं तोंडात. कॉलसाइन (लायसन्सबरोबर मिळणारी हवेवरची ओळख) दिली, मी ती तपासली, खरी निघाली, नावही जुळलं. म्हणजे मी काहीच बघितलं नाही असं कुणी म्हणू नये. फोटो पाठवला : काचेचा व्हॅक्यूम कपॅसिटर, वरच्या पितळी कॉलरला एक टवका उडालेला, शेजारी तांब्याची चकचकीत नळी. तो टवका बघून माझा विश्वास उलट वाढला. खोटं विकणारा डाग कशाला दाखवेल, असं वाटलं.

आता तो रविवार. त्यावर मी अजून रात्री जागा होतो.

मी त्याला म्हटलं, सकाळी साडेसातला ७ मेगाहर्ट्झवर या, अमुक फ्रिक्वेन्सीवर नुसती कॉलसाइन द्या. माझ्याकडे लाकडी फुलीवर वायर गुंडाळून केलेला ऐकण्यापुरता लूप आहे, मी फक्त ऐकतो. तो 'नक्की' म्हणाला. साडेसात ते आठ हेडफोन लावून बसलो. काही नाही. आठ वाजता मेसेज आला : 'प्रोपॅगेशन नाही ओएम, मी तीनदा कॉल केला.' म्हणजे लहरी पोचत नाहीत. हे पटण्यासारखं होतं. सकाळच्या वेळी ४० मीटरवर जवळची स्टेशनं पुष्कळदा एकमेकांना ऐकू येत नाहीत, हे आपल्याला ठाऊक असतं. पण त्याच अर्ध्या तासात सातारा-पुण्याकडची दोन स्टेशनं मला स्वच्छ येत होती! त्यांच्या कॉलसाइन मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. वही समोर उघडी होती. हा स्वतःला त्याच पट्ट्यातला सांगत होता. ती दोन स्टेशनं येतात आणि हाच येत नाही? प्रश्न मनात आला, मी तो बाजूला सारला आणि अकरा वाजता सहा हजार पाठवले. तिथंच थांबलो असतो तर चार हजारांवर सुटलो असतो.

कॉलसाइन कुणाचीही देता येते. माणूस हवेवर ऐकू आला पाहिजे, नाहीतर आपल्या ओळखीच्या हॅमनं तरी त्याला ऐकलेला पाहिजे. त्यानं दिलेल्या कॉलसाइनचे खरे मालक वयस्कर गृहस्थ निघाले. कित्येक वर्षं त्यांनी रिग चालू केलेली नाही, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

पार्सल आलं तेव्हा मी कामावर होतो. बायकोनं घेतलं. संध्याकाळी म्हणाली, "अहो, तांबं म्हणाला होतात ना? हे एवढं हलकं कसं?" कुरिअरच्या पावतीवर वजन ९४० ग्रॅम. हिशोब करा : १५ मिलिमीटरची, एक मिलिमीटर जाडीची तांब्याची नळी ३.१४ मीटर घेतली तर नुसती तीच सव्वा किलोच्या आसपास भरते. इथं खोक्यासकट किलोसुद्धा नाही. नळीचे तीन तुकडे आणि क्लॅम्प होते. कानस मारली, तांबूस थर खरवडला गेला आणि खालून पांढरा धातू चमकला. ॲल्युमिनियम. चुंबक लावून बघू नका, ते दोघांनाही चिकटत नाही. वजन करा, कानस मारा. आणि कपॅसिटरच्या जागी वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुन्या रेडिओचा गँग.

ॲल्युमिनियमचाही लूप होतो, असं काही जण सांगतात. होतो, अखंड जाड नळीचा. पण एक मीटरच्या लूपचा रेडिएशन रेझिस्टन्स (ताकद लहरी होऊन बाहेर पडते तो रोध) ४० मीटरवर जेमतेम ६ मिलिओहम असतो. तीन ठिकाणी क्लॅम्प लावले की बरीच ताकद सांध्यांच्या रोधातच जाते. तरी मी जोडून बघितला. २० वॅटला गँगच्या पात्यांमध्ये चरचर आवाज होऊन निळी ठिणगी पडली. दोन पाती काळी झाली.

मग तक्रार. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तो पाच दिवसांनी. तुम्ही त्याच तासात करा, पैसे पुढे सरकण्याआधी खात्यात अडकवता येतात ते तेव्हाच. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न : "वायरलेस निमग याक बेकु?" वायरलेस तुम्हाला कशाला पाहिजे! लायसन्स दाखवलं, ते उलटसुलट करून बघितलं, माझाच पत्ता आणि नोकरी लिहून घेतली. लुबाडला गेलो मी आणि संशयही माझ्यावरच. अर्ज मराठीत होता, तो परत केला. कन्नडमधून लिहून नेला. मग म्हणाले, पार्सल मिळालं ना? मग हा देण्याघेण्याचा वाद, दिवाणी आहे. आणि खातं महाराष्ट्रातलं, तिकडे जा. रजा टाकून निपाणीवरून पलीकडे गेलो. तिथले म्हणाले, तुम्ही बेळगावचे, पैसे तिथून पाठवलेत, तिकडेच जा. दोन्हीकडचे लोक सीमेवर हक्क सांगायला पुढे असतात, मग सीमेवरच्या माणसाचा अर्ज घ्यायला कुणीच का नाही? दखलपात्र गुन्ह्याची माहिती, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, ठाण्यानं घ्यायची असते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तेच सांगतं. मी त्याची छापील प्रत घेऊन गेलो. "ठेवून जा" म्हणाले. त्या प्रतीची पोचसुद्धा दिली नाही. तुम्ही पोच घेतल्याशिवाय उठू नका.

ग्राहक आयोगात राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्यानं. पण तिथं समोरच्याचा पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे फक्त बंद पडलेला नंबर.

टिळकवाडीतले आमचे एक ज्येष्ठ हॅम काका आहेत. त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, मला एक फोन केला असतास." त्यांनी स्वतःचा बटरफ्लाय कपॅसिटर उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या पत्र्याची पाती कापून घेऊन बनवलाय. त्यात घासणारा संपर्कच नसतो, म्हणून तोटाही कमी. कमी वॅटवर तर कपॅसिटर म्हणून उघड्या टोकाचा कोॲक्सचा तुकडाही चालतो, आरजी-५८ जातीची केबल मीटरला साधारण १०० पिकोफॅरड (कपॅसिटरचं माप) देते. हे सगळं मला आधी माहीत होतं. पाती कापून घेण्याचा कंटाळा केला, हे कबूल करतो.

मागच्या आठवड्यात तोच फोटो परत दिसला. नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत १२,५००. कपॅसिटरच्या पितळी कॉलरला उजवीकडे तोच टवका आहे.