२०१० सालच्या १ जानेवारीत अडकलेला कॅमेरा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

ज्या कॅमेऱ्याविषयी लिहीत आहे तो खिशात मावणारा, एकाच स्थिर लेन्सचा, १२ मेगापिक्सेलचा आणि पंधरा वर्षांपूर्वीचा आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की चर्चा त्या कंपनीच्या रंगांवर घसरते आणि मला बोलायचे आहे ते घड्याळाविषयी. १५ जानेवारीला मी तो वापरलेला म्हणून ११,५०० रुपयांना घेतला. हेतू एकच होता : रोज एक फोटो काढायचा आणि त्याच दिवशी त्याविषयी दोनशे पानी एकरेघी वहीत दहा ओळी लिहायच्या. बँकेतील नोकरी, घर आणि मुलीची शाळा सांभाळून वर्षभर चालेल असे याहून लहान काम मला सुचले नाही.

फोटोंच्या दर्जाबद्दल थोडक्यात सांगते. सकाळच्या उन्हात उत्तम, संध्याकाळी दिवे लागल्यावर दाणेदार, आणि फोकस इतका संथ की उडणारे कबुतर फोटोत येईपर्यंत गच्चीवर जाऊन बसलेले असते. या किमतीत माझी त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती तारखेची. अशा कॅमेऱ्यात मुख्य बॅटरीखेरीज घड्याळासाठी शर्टाच्या गुंडीहून लहान असा एक सेल असतो. तो मुख्य बॅटरीवरून चार्ज होतो आणि धडधाकट असेल तर मुख्य बॅटरी बाहेर काढून ठेवली तरी कित्येक दिवस तारीख व वेळ सांभाळतो. माझ्या कॅमेऱ्यातील हा सेल मेलेला होता. विक्रेत्याने बॅटरी आत घालूनच कॅमेरा दाखवल्यामुळे ते कळण्याचा मार्ग नव्हता. जुना कॅमेरा घेणाऱ्याने बॅटरी दहा मिनिटे बाहेर काढून ठेवावी आणि पुन्हा घातल्यावर तो तारीख विचारतो का, एवढे तरी पाहावे. माझी बॅटरीही जुनी असल्याने दर तीन दिवसांनी ती काढून चार्जरमध्ये लावावी लागे आणि परत घातली की कॅमेरा न चुकता २०१० सालच्या १ जानेवारीला, मध्यरात्री बारा वाजता जागा होई. दुसरी बॅटरी १,१०० रुपयांना आणून चार सेकंदांत अदलाबदल करून पाहिली, तरी त्याला तेवढे चार सेकंद पुरत.

सुरुवातीला मी दरवेळी वर्ष, महिना, दिवस, तास आणि मिनिटे निमूटपणे भरत असे. मार्च उजाडेपर्यंत कंटाळा आला आणि मी 'रद्द करा' दाबून थेट फोटो काढू लागले. परिणाम असा झाला की २०१३ साली जन्मलेली माझी मुलगी संगणकावर २०१० च्या जानेवारीतच शाळेचा गणवेश घालून, पाठीला दप्तर लावून दारात उभी दिसू लागली. घरच्यांना याची गंमत वाटे. मला मात्र तो दोष खड्यासारखा टोचत होता, कारण रोजच्या उपक्रमात फोटो फसला तरी चालतो, पण तो कोणत्या दिवशीचा हेच कळत नसेल तर 'रोज' या शब्दाला अर्थ राहत नाही.

२२ मे रोजी मी अधिकृत सेवाकेंद्रात गेले. तेथे कॅमेरा आत नेण्यात आला, चाळीस मिनिटांनी परत आणण्यात आला आणि मला सांगण्यात आले की हा सेल सुटा बदलता येत नाही, संपूर्ण मुख्य सर्किट बदलावे लागेल, त्याचा खर्च ८,४०० रुपये येईल आणि सर्किट उपलब्ध होईल याची खात्री नाही. या माहितीसाठी तपासणी शुल्क ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण ५९० रुपये घेण्यात आले. ११,५०० च्या कॅमेऱ्यावर ८,४०० खर्च करण्याचा प्रश्नच नव्हता, पण माझ्या मनातून गेले नाहीत ते हे ५९०. तेवढ्या पैशांत माझ्या वहीसारख्या आणखी काही वह्या आल्या असत्या.

जूनमध्ये नाशिकच्या मेनरोडच्या मागच्या गल्लीत घड्याळे आणि कॅमेरे दोन्ही दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडे गेले. त्यांनी कॅमेरा उलटा धरून हलवला, भिंगातून स्क्रू पाहिले आणि म्हणाले, "ताई, सेल बदलता येतो. पण फ्लॅशचा कंडेन्सर आधी रिकामा करावा लागतो, नाहीतर तीनशे व्होल्टचा झटका बसतो. घरी उघडू नका. साडेचारशे होतील, आठ दिवस ठेवून जा." रक्कम मान्य होती, अडचण आठ दिवसांची होती. एकही दिवस न चुकवता मी दीडशेच्या आसपास पोहोचले होते आणि तो आकडा मोडण्याची माझी तयारी नव्हती. म्हणजे ज्या उपक्रमासाठी तारीख हवी, त्याच उपक्रमापायी तारीख दुरुस्त करता येत नव्हती. हे माझ्या लक्षात आले होते, तरी मी कॅमेरा घेऊन परत आले.

इथपर्यंतचे माझे मत हे असे तिरसट होते. ते बदलले जुलैमध्ये.

आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो आणि पुराची मोजपट्टी म्हणून पात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतो. गंगापूर धरणातून किती क्युसेक पाणी सोडले हे वर्तमानपत्रात येते, पण घरात बोलले जाते ते पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागले की कमरेला, असे. पावसाळ्यात सकाळी पुलावरून मारुतीचा एकच फोटो काढायचा, असे मी ठरवले होते. 'एकच' हा नियम मी जेमी लिव्हिंग्स्टन या न्यूयॉर्कच्या छायाचित्रकाराकडून घेतला. ३१ मार्च १९७९ पासून २५ ऑक्टोबर १९९७ ला मृत्यू येईपर्यंत तो रोज एक पोलरॉइड काढत होता. त्याआधी मी दिवसाला चाळीस फोटो काढत असे आणि त्यांतून एक निवडण्यातच लिहिण्याची वेळ निघून जाई. पावसाळा आणि जुनी लेन्स म्हणजे बुरशीला आमंत्रण, म्हणून फिरून आल्यावर कॅमेरा सिलिका जेलची पुडी टाकलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात जाई. डबा पूर्वी चकलीचा होता.

घाटाजवळ फुलांची टपरी लावणाऱ्या एका काकांनी मला रोज फोटो काढताना पाहिले होते. पाणी ओसरल्यावर ते म्हणाले, "ताई, पाणी कमरेला लागलं त्या दिवशीचा फोटो असेल ना तुमच्याकडे? पंचनाम्याला तारखेसकट दाखवायचाय." फोटो होता. मारुती कमरेपर्यंत बुडालेला, आणि त्याच्या उजवीकडे काकांच्या टपरीचे निळे ताडपत्रीचे छप्पर पाण्यावर तरंगावे तसे दिसणारे. फाइलवरची तारीख : १ जानेवारी २०१०, वेळ रात्री १२ वाजून ७ मिनिटे. काकांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिले आणि काही बोलले नाहीत. वहीत त्या दिवसाचे पान होते, त्यावर तारीखही होती, पण पान म्हणजे पुरावा नव्हे. शेवटी त्यांना दुसऱ्या कोणाच्या तरी फोनमधील फोटो मिळाला.

त्या संध्याकाळी मी एक साधी तोड काढली. दिवसाचा पहिला फोटो वहीच्या पानाचा घ्यायचा, ज्यावर तारीख हाताने लिहिलेली असेल. त्यानंतरचा फोटो त्याच दिवसाचा, हे फाइलच्या अनुक्रमांकावरून सिद्ध होते, कारण घड्याळ मेले तरी क्रमांक पुढेच जात राहतो. पण पानाचा फोटो घ्यायचा तर पान आधी लिहिलेले हवे, आणि नुसती तारीख टाकलेल्या कोऱ्या पानाचा फोटो घेणे मला लाजिरवाणे वाटू लागले. त्यामुळे रात्री साडेअकराला डोळे चोळत लिहिल्या जाणाऱ्या दहा ओळी सकाळी सहा वाजता, चहाबरोबर लिहिल्या जाऊ लागल्या. फोटो काढण्याआधीच लिहिल्यामुळे त्या ओळी फोटोचे वर्णन करीनाशा झाल्या. आदल्या दिवसाबद्दल लिहिले जाई, बँकेत केवायसीसाठी आलेल्या आजींच्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नव्हते त्याबद्दल, किंवा काहीच न सुचण्याबद्दल. माझ्या मते वहीतील वाचण्याजोगी पाने जुलैच्या अखेरीपासूनच सुरू होतात.

मार्चपासूनच्या चुकीच्या तारखा मी एक्झिफटूल या मोफत प्रोग्रामने सुधारल्या. त्यात एका आज्ञेने शेकडो फायलींच्या तारखा ठरावीक अंतराने पुढे सरकवता येतात. पण माझ्या बाबतीत प्रत्येक बॅटरीबदलाबरोबर ते अंतर बदलत असल्याने, वही शेजारी ठेवून कित्येक गट वेगवेगळे सरकवावे लागले. दोन रविवार गेले.

९ सप्टेंबरला तापात पडून होते आणि २३७ दिवसांनंतर पहिल्यांदा काहीच झाले नाही. वाटले होते तितके वाईट वाटले नाही. ताप उतरताच कॅमेरा त्या कारागिरांकडे देऊन आले. आठ दिवसांचे पंधरा झाले, साडेचारशेच लागले. मधल्या काळात फोनने काम चालवले. फोनची तारीख अचूक होती, पण एका जास्वंदीचे एकतीस फोटो निघाले आणि वही चार दिवस उघडली गेली नाही.

आता घड्याळ व्यवस्थित चालते. पहिले काही दिवस पानाचा फोटो घेणे सोडून दिले होते, कारण त्याची गरज उरली नव्हती. आठवड्याभरात लिखाण पुन्हा साडेअकरावर गेलेले पाहून तो परत सुरू केला. कॅमेरा घ्यावा का, असे विचाराल तर ९,००० रुपयांपर्यंत मिळाला तर घ्यावा. मी दिले तेवढे देऊ नयेत.

गेल्या रविवारी सेवाकेंद्राची ती ५९० रुपयांची पावती कपाटात सापडली. थर्मल कागद असल्यामुळे छपाई उडून गेली आहे, रक्कम अंधूक दिसते आणि तारीख तर वाचताच येत नाही. वही काढून पाहिली : २२ मे, आणि खाली दहाच्या दहा ओळी त्या शुल्काविषयीच्या.