एक्सेलमध्ये घात काढायचा: टोपीचं चिन्ह की पॉवर फंक्शन?

उत्तर दोन्हीकडून सारखंच येतं. =५^३ लिहा किंवा =पॉवर(५,३), सेलमध्ये १२५च दिसणार (टाइप करताना मात्र अंक आणि POWER हे नाव इंग्रजीतच). शिफ्ट धरून ६ दाबलं की टोपी उमटते, त्यामुळे रोजच्या कामाला तीच सोपी. एक लाख रुपये ७ टक्के चक्रवाढीने ५ वर्षं ठेवले तर =१०००००*(१+७%)^५, म्हणजे सुमारे १,४०,२५५ रुपये. इथे पॉवर लिहिण्यात काही हशील नाही.

टोपी गोत्यात आणते ती क्रमात. २७चं घनमूळ हवं म्हणून =२७^१/३ लिहिलं, तर ३ ऐवजी ९ येतात, कारण आधी घात होतो आणि मग भागाकार. १/३ला कंस हवाच. पॉवर(२७,१/३) मध्ये स्वल्पविरामच ते काम करतो.

त्याहून फसवं म्हणजे ऋण चिन्ह. =-२^२ चं उत्तर एक्सेल ४ देतं, शाळेतलं गणित -४ म्हणतं. गंमत म्हणजे =०-२^२ लिहिलं की एक्सेलही -४ वर येतं! =-पॉवर(२,२) मात्र सरळ -४. घातावर घात चढवला तरी तीच तऱ्हा: =२^३^२ एक्सेल डावीकडून सोडवतं आणि ६४ देतं, वहीत ते ५१२ असतं.

वेगाचा फरक जाणवण्याइतका नसतो. छोट्या सूत्राला टोपी पुरे. पण घातांकातच बेरीज-भागाकार असेल किंवा शीट दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार असेल, तर मी पॉवरच लिहितो.