बांबू उपटून हलवून देणारी नर्सरीची टीम: खणाई एक नंबर, लावणी मात्र उभं राहून करून घ्या

कोल्हापुरात नागाळा पार्कातल्या आमच्या घराच्या मागं आधीच्या मालकानं आडोसा म्हणून गोल्डन बांबू लावलेला. दिसायला भारीच, त्यात वाद नाही, पण हा पळणारा बांबू, एका जागी बेट करून गप बसणारा नव्हे. पेव्हर ब्लॉकच्या खालनं जाऊन पार बोअरच्या कट्ट्यापाशी टोकं काढलेली, आणि शेजारच्या काकूंच्या जास्वंदीत दोन काठ्या उभ्या राहिल्यावर तर काकूंनी बोलणंच कमी केलं. तोडून टाकायचा नव्हता कारण कळंब्याला दिरांच्या घराला रस्त्याच्या बाजूनं आडोसा हवाच होता. मग हाच तिकडं हलवायचं ठरलं आणि रिंगरोडच्या एका नर्सरीची टीम बोलावली. चांगलं वाईट दोन्ही लिहिणार आहे म्हणून नर्सरीचं नाव टाकत नाही.

आधी चौकशी केली तेव्हा जिथं जाईल तिथं एकच उत्तर, "बांबू काय मरत नाही, केव्हाही हलवा." एका ठिकाणी तर पळणारा आणि बेट करणारा दोन्ही एकाच रांगेत, दोन्हीला गोल्डनच म्हणत होते. नवीन घेणाऱ्यांनी एवढं तरी बघा: काठी पिवळी, जाड आणि वर हिरव्या उभ्या रेघा असतील तर तो बेट करणारा, तो भिंत ओलांडून जात नाही. काठी अंगठ्याएवढी, बुडाची पेरं एकमेकांत दाबल्यासारखी जवळजवळ, आणि फांदी फुटते तिथनं वरच्या पेरावर बोट फिरवलं की उभी खाच लागते, तो पळणारा. हे विकणाऱ्यानं सांगायला पाहिजे, पण सांगत नाहीत, विकून मोकळे.

आता टीमबद्दल. मालक आले, मोबाईलवर फोटो काढले, रेट सांगितला, गेले. खरं काम त्यांच्या मुकादम मामांचं, आणि हे पाच स्टार त्यांच्यासाठी. मे महिन्यात बघायला आले तेव्हाच त्यांनी हात लावायला नकार दिला, मालक म्हणत होते उद्याच करून टाकू. मामांचं म्हणणं, जमीन दगड झालीय, ऊन हाय, मुळी बाहेर काढली की तासाभरात वाळतीया, आणि नवीन कोंब वर येत असताना तर हलवायचाच नाही, "गणपती होऊ देत वहिनी, मग बघा." बरोबर होतं. त्या वेळेला आमच्याकडची काळी माती ना कडक असते ना जुलैसारखा चिखल, वर्षातले कोंब काठी होऊन घट्ट झालेले असतात आणि पुढचं ऊन सुरू व्हायच्या आत मुळांना जम बसवायला थंडी मिळते.

त्याच दिवशी त्यांनी खुरप्यानं माती बाजूला करून एक मुळी दाखवली. मुळी म्हणायची, पण ते जमिनीखालचं आडवं खोडच, बोटाएवढं जाड, हस्तिदंती रंगाचं, थोड्या थोड्या अंतरावर गाठ, गाठीला केसासारखी मुळं आणि प्रत्येक गाठीला एक डोळा, अगदी उसाच्या कांडीसारखं. टोक तर सुईसारखं टणक. "ह्येच झाड हाय, वरची काठी म्हंजे नुसती पानं," असं म्हणून परत माती ओढली. म्हणजे नुसती काठी उपटून नेली तर काही उपयोग नाही, मुळी डोळ्यांसकट आली पाहिजे.

खणताना काय केलं ते सांगते कारण पैसे ह्याचेच आहेत. आधी काठ्यांचे शेंडे एक तृतीयांश छाटले, म्हणजे पानं कमी आणि वाऱ्याला झोकांडी कमी. मग तीन चार काठ्यांचा एक गड्डा धरून टिकावानं भोवती चर काढला. ह्याच्या मुळ्या फार खोल जात नाहीत, बहुतेक सगळा कारभार वरच्या फूटभर मातीतच. आडव्या मुळ्या करवतीनं साफ कापल्या, पारईनं ठेचल्या नाहीत, आणि मग खालनं खोरं घालून अख्खा गड्डा मातीसकट उचलला. आमचे अहो उत्साहानं काठीला धरून ओढायला गेले तर मामा ओरडलेच, "साहेब, काठीला हात न्हाई लावायचा!" काठी आणि मुळीचा सांधा बारीक असतो, तो तुटला की वरनं काठी हिरवी दिसते पण खालचं गेलेलं असतं. गड्डे लगेच ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत. पेव्हरखाली गेलेल्या मुळ्या तर ब्लॉक काढून हातानं माग काढत काढत शेवटच्या टोकापर्यंत ओढल्या, आणि ब्लॉक परत कच टाकून लेव्हलला बसवून दिले, आता कुठं काढलेले ते ओळखूनसुद्धा येत नाही. नाद खुळा काम.

टेम्पोवाल्यानं मध्येच नवीन शंका काढली, बांबू न्यायचा म्हणजे फॉरेस्टचा पास लागंल. अहो, जंगलाबाहेरचा बांबू २०१७ सालापासून १९२७ च्या वन कायद्यात झाड धरतच नाहीत, तेव्हाच दुरुस्ती झालीय. त्याला ते पटायला एक चहा लागला.

इथपर्यंत झकास. कळंब्यात मामा दुसऱ्या साईटला गेले आणि मालकांनी दोन पोरं पाठवली, तिथं माशी शिंकली. पळणाऱ्या बांबूला चारी बाजूनं जमिनीत प्लास्टिकची भिंत लागते, नाहीतर आज दिरांच्या कंपाउंडात आणि दोन वर्षांनी रस्त्याच्या गटारीत. रेट सांगताना "एचडीपीई बॅरियर", म्हणजे टणक प्लास्टिकची शीट, असं म्हणालेले, आणि आलं काय तर शेततळ्याचा पातळ कागद, अर्ध्या मिलिमीटरचा. ह्या कामाला दीड मिलिमीटरच्या आसपास जाडी लागते, मुळीचं टोक मगाशी सांगितलं तसं असतं, ते कागद भोसकून जातं. वर चर दीड फुटाचा, आणि शीटची कड मातीबरोबर कापून टाकलेली. निदान दोन ते अडीच फूट खोल पाहिजे आणि दोन इंच मातीच्या वर दिसली पाहिजे, कारण मुळी भिंतीला थडकली की वरनं उडी मारते, आणि ती उडी दिसली तर कापता येते. मालक फोनवर "चालतंय की, काय होत न्हाई." दीर चराच्या काठावर खुर्ची टाकून बसले, बदलल्याशिवाय माती लोटायची नाही म्हणून. मग जाड शीट आली, दोन टोकं फूटभर एकमेकांवर घेऊन अॅल्युमिनियमची पट्टी आणि बोल्ट मारून जोडली, शीटचं वरचं अंग जरा बाहेरच्या बाजूला कलतं ठेवलं. पण फरकाचे पैसे आमच्याकडनंच घेतले. हे मला अजून पटलेलं नाही, दोन स्टार इथं गेले.

लावणी तशी सोपी असते. गड्डा पूर्वी जेवढा खोल होता तेवढाच, फार तर इंचभर खाली, मातीत कुजलेलं शेणखत, पाणी भरपूर आणि वर उसाच्या पाचटाचा जाड थर. पाचट आपल्याकडं फुकट मिळतं तर विकतचे सालीचे तुकडे कशाला घ्यायचे. काठ्यांना आधार मात्र पोरांनी दिलाच नाही, वाऱ्यानं गड्डा हलत राहिला तर नवीन मुळं धरत नाहीत, तो दिरांनी नंतर सुतळीनं बांधला. पाण्याचं "आठवड्यातनं एकदा" सांगून गेले, ते ऐकू नका. पानं लांबीत गुंडाळून सुरळी झाली की पाणी कमी, एवढं बघून द्यायचं. सुरवातीला पानं पिवळी पडून गळाली म्हणून जाऊबाई घाबरल्या, पण पेरावर हिरवी टोकं होती आणि नंतर पालवी आली. नर्सरीवाले वर्षात भिंत होईल म्हणतात ते सोडून द्या, हलवलेल्या गड्ड्याच्या पुढच्या काठ्या बारीकच येतात, आणि एकदा वर आलेली काठी आयुष्यात जाड होत नाही, जाडी येते ती नंतरच्या वर्षांच्या नवीन काठ्यांना.

ज्यांना नुसता शेताचा बांध धरायचाय किंवा काठ्या पाहिजेत त्यांनी ह्या फंदातच पडू नका, सरळ माणगा जातीचा बांबू लावा. भरीव काठी, काट्यांचा त्रास नाही, बेट करून राहतो, कोकणात बांधाबांधाला तोच आहे.

मामांचं काम हजेरीवर घेऊ नका, उक्तं ठरवा, आणि ठरवतानाच दोन गोष्टी कागदावर घ्या: शीटची जाडी आणि लावणीला मामा स्वतः येणार का. तिसरी पण आहे. आमच्या जुन्या जागेत राहिलेल्या तुकड्यांमधनं मधे मधे कोंब येतात, ते दिसले की मुळापासनं छाटायचे, पानं धरू दिली नाहीत की तुकडा हळूहळू दमतो. निघालेले तुकडे ओले असताना कोंडाळ्यात किंवा नाल्याकडेला टाकू नका, गच्चीवर कडकडीत वाळवा. जास्वंदीतला तुकडा मात्र टिकावाशिवाय निघणार नाही, त्या फेरीचे पैसे नर्सरी वेगळे लावते आणि हे आधी सांगत नाही, त्यामुळं तेही उक्त्यातच धरून घ्या.