ट्राउटचा रॉड हिडकलच्या पाण्यावर: पावसाळ्याअखेरपासून वळवापर्यंतचा अनुभव

आधी निकाल सांगतो. रॉड उत्तम, रीळ ठीक, पण सोबत आलेली लाइन (फेकायची जाड दोरी) आपल्या उन्हात कामाची नाही. बेळगाव, हुक्केरी, चिकोडी भागात फ्लाय फिशिंग (गळावर बांधलेली नकली माशी दोरीच्या वजनानं फेकून मासे धरणं) सुरू करायचं असेल तर पैशाचा विचार लाइनपासून करा.

हा संच मूळचा ब्रिटनमधल्या जलाशयांवर ब्राउन ट्राउट धरण्यासाठी बनवलेला. १० फुटी, ७ नंबरचा (म्हणजे ७ नंबरच्या वजनाची लाइन पेलणारा), चार तुकड्यांचा कार्बन रॉड. आतेभावानं तिकडून येताना आणून दिला. ब्राउन ट्राउट आपल्याकडे नाही आणि जगणारही नाही. त्याला थंड, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं; पाणी २० अंशांच्या आसपास गेलं की त्याचं खाणंच मंदावतं. भारतात तो काश्मीर, हिमाचलसारख्या थंड डोंगरी पाण्यात बघायला मिळतो. पण साठलेल्या पाण्यावर मासेमारी करायची तर मासा कुठलाही असो, गरजा त्याच: लांब फेक, वाऱ्याशी झुंज आणि दोरी ओढताना धीर. म्हणून हा संच बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल धरणावर वापरून बघितला.

दड्डी गावाच्या बाजूला एक जाळीवाले काका बराच वेळ बघत उभे होते. म्हणाले, "शिसं नाही, काही नाही, एवढ्या लांब जातंय कसं हो हे?" म्हटलं, "काका, दोरीच जड आहे. गळ नुसता तिच्यामागनं जातो." ७ नंबरच्या लाइनचं पुढच्या ३० फुटांचं वजन साधारण १२ ग्रॅम असतं, आणि रॉड वाकतो तो त्या वजनानं. पश्चिमेचा वारा सुटला की हलका रॉड हात टेकतो, हा टिकतो. १० फुटी लांबीचा फायदाही इथंच कळला. धरण भरलेलं असताना पाणी बाभळींपर्यंत येतं. मागं जाणारी लाइन उंच ठेवता आली नाही तर प्रत्येक फेकीला गळ काट्यात अडकणार. उलट बाजू अशी की दुपारपर्यंत खांदा भरून येतो. दिवसभर उभं राहायचं असेल तर साडेनऊ फुटीही चालेल.

आता लाइन. थंड पाण्यासाठीच्या लाइनचं आवरण मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं, म्हणजे गारठ्यात ती कडक होत नाही. आपल्या एप्रिलात तीच गोष्ट उलटते. अकरा वाजेपर्यंत लाइन बोटांना चिकट लागायला लागली, कड्यांतून सरकेना, आणि दोन कड्यांच्या मध्ये लोंबून रॉडलाच चिकटून बसली. विकणाऱ्यानं 'सर्व हवामानासाठी' असं लिहून ती विकली होती, याचा मला आजही राग आहे. उष्ण पाण्यासाठीची, कडक गाभ्याची लाइन चढवली आणि तोच रॉड वेगळा वाटायला लागला. फक्त डिसेंबरच्या सकाळी ती रिळावरच्या वेटोळ्यांसकट बाहेर येते. वावभर वावभर धरून ताणली की सरळ होते.

माशी म्हणाल तर ट्राउटवाल्यांचा 'बझर', म्हणजे चिलटाच्या कोषासारखी बांधलेली नकली माशी, इथं चालतो, कारण पाण्याच्या तळाशी वाढणारी ती चिलटं आपल्या धरणांतही आहेत. लहान गळावर काळा दोरा आणि वर मोटार रिवायंडिंगच्या दुकानातली केसासारखी बारीक तांब्याची तार, एवढंच. काठालगतच्या उथळ पाण्यात टाकायचा आणि लाइन बोटांत गोळा करत इतकी हळू ओढायची की ती हलते का नाही अशी शंका यावी. चिलापी झटका देत नाही. लाइनचं टोक वीतभर बाजूला सरकतं, तेवढ्यावर उचलायचं. ७ नंबरवर चिलापी फार दमवत नाही, पण मरळ रॉडची खरी परीक्षा घेते. तिला गवताच्या कडेनं तरंगती नकली बेडकी लागते आणि दातांमुळे पुढचा दोरा जाड घ्यावा लागतो. पावसाळ्यात लालसर पिल्लांचा घोळका पाण्यावर दिसला तर खाली राखण करणारी मरळ असते. ती हमखास धावून येते, म्हणूनच तिला गळ टाकू नये. तिला उचललं की सगळी पिल्लं इतर माशांच्या तोंडी जातात. यावर मला कुणाशी वाद घालायचा नाही.

देखभालीचं मुख्य काम गाळाचं. उन्हाळ्यात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर पाण्याबाहेर येतं, तेव्हा काठ म्हणजे नुसता चिखल असतो. तो लाइनवर बसला की कडी झिजतात आणि तरंगती लाइन बुडायला लागते. घरी आल्यावर कोमट पाणी, सौम्य साबण आणि सुती फडकं पुरतं. डीट हे रसायन असलेलं डासांचं मलम हाताला लावून लाइन धरू नका, आवरण विरघळतं. रॉडच्या सांध्यांना मेणबत्ती घासली की फेकताना ते सैल होत नाहीत. धरणातली मासेमारी ठेक्यानं दिलेली असते, तेव्हा गळ टाकण्याआधी तिथल्या मच्छीमारांना विचारा.

रॉड मी ठेवणार आहे. आता रिळाचं जादा स्पूल (लाइन गुंडाळायची चकती) घेऊन त्यावर बुडणारी लाइन भरायची आहे, कारण मे महिन्यात ऊन चढलं की मासा काठ सोडून खोलात जातो आणि तरंगत्या लाइननं तिथवर पोचता येत नाही.