नेट पळतं, पण घरात फोन लागत नाही: बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर

नेटच्या वेगाबद्दल या मोबाइल कंपनीशी माझं भांडण नाही. रस्त्यावर, गच्चीत, प्रवासात व्हिडिओ अडखळत नाही, बिलातही कधी छुपी रक्कम निघाली नाही. तरीही आज चिडून लिहितेय. फोन हातात होता, वर रेंज दिसत होती आणि पलीकडे भावाला मी ‘संपर्क क्षेत्राबाहेर’ असल्याचं ऐकू येत होतं. आईला दवाखान्यात नेल्याचं मला तासाभराने कळलं.

रेंजच्या काड्यांवर विसंबू नका. किती सिग्नलला किती काड्या, याचा सर्वमान्य नियमच नाही. खरा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात असतो; तो शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल चांगला. माझ्याकडे गच्चीत उणे ८५, तर आतल्या खोलीत उणे ११८. इथला टॉवर २३०० मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतो. या पट्ट्यात डेटा भरपूर वाहतो, पण भिंती त्याला अडवतात. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झचा खालचा पट्टा (लो बँड) आतपर्यंत बरंच चांगलं पोचतं.

मध्यंतरी वाय-फाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी घरच्या वाय-फायवरून फोन, सुरू केलं आणि मत पार बदललं. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झचाच आवाज जातो, वाय-फायवरच्या एचडी कॉलमध्ये ५० ते ७०००. आई शेजारच्या खोलीतून बोलतेय असं वाटायचं. मी चार जणांना हीच कंपनी घ्या म्हणून सांगितलंही.

पण बोलत बोलत दाराबाहेर पडलं की कॉल तुटतो. वाय-फायवरून कॉल मोबाइल नेटवर्कवर सरकायला तिथे पुरेसा सिग्नल लागतो, आणि नेमका तोच नाही. वीज गेली की राउटर बंद, म्हणजे फोनही बंद. भाऊ फोन लावत होता तेव्हा हेच झालं होतं. शिवाय ते वाय-फाय माझं, त्याचे पैसे मी वेगळे भरते. घरातला कॉल माझ्या ब्रॉडबँडवरून जातो, तरी कंपनीचं बिल पूर्णच येतं. हे मला अजिबात पटत नाही.

कस्टमर केअर म्हणजे ‘सिम काढून परत घाला’. मग तक्रार सोडवल्याचा मेसेज. एकाच मुलाने सरळ सांगितलं, ‘मॅडम, या टॉवरवर लो बँड नाहीये.’ त्याचे मनापासून आभार.

मुख्यतः डेटाच लागत असेल तर जरूर घ्या. घरात म्हातारी माणसं असतील तर आधी प्रीपेड सिम आणा, वाय-फाय बंद करा आणि सगळ्यात आतल्या खोलीतून फोन लावून बघा. मी मोठा प्लॅन सोडून सर्वांत स्वस्त घेतलाय, आणि घरच्यांना दुसऱ्या कंपनीच्या सिमचा नंबर दिलाय.